कळसूबाई पहिल्यांदा चढताना: बारीच्या वाटेची सगळी माहिती

महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर म्हणून कळसूबाईचा दबदबा आहे. उंची १६४६ मीटर. नवख्यांना धास्ती असते ती लोखंडी शिड्यांची. प्रत्यक्षात नीट चालता येणाऱ्या माणसाला त्या शिड्या सहज जमतात. माणसं अडकतात ती चुकीच्या दिवशी, चुकीच्या वेळी जाऊन. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी दहाला शिडीखाली दीडशे माणसं उभी असतात, वरून तितकीच उतरायला बघत असतात आणि अंगातला घाम वाऱ्यानं गार पडत जातो. म्हणून या लेखात घड्याळाची आणि कॅलेंडरची बडबड जरा जास्त आहे.

शिखर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर आहे. सगळा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणजे तुम्ही वनखात्याच्या नियमांत चालत असता. माथ्यावर कळसूबाईचं छोटं देऊळ आहे. आसपासच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांचं हे दैवत. नवरात्रात गावंच्या गावं वर जातात, बायाबापड्या अनवाणी चढतात. तेव्हा शिखरावरचं वागणं देवळातल्यासारखंच ठेवायचं.

१. आधी दिवस निवडा

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी हा पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी सर्वात सोयीचा काळ. हवा स्वच्छ, कातळ कोरडा, ऊन सोसवणारं. पाऊस सरता सरता, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, डोंगराच्या सोंडांवर सोनकी फुलते आणि उतार पिवळे होतात. फोटोंसाठी हाच मोसम, पण तेव्हा वाट अजून ओली असते.

जून ते ऑगस्टमध्ये इथे पाऊस झोडपून काढतो. धो धो पावसासाठी ओळखलं जाणारं घाटघर जवळच आहे, यावरून अंदाज घ्या. ढग उतरले की दहा पावलांपुढचं दिसत नाही आणि ज्या दृश्यासाठी आलात ते पांढऱ्या भिंतीमागे राहतं. पावसाळ्यातच जायचं असेल तर मंगळवार ते गुरुवार धरा. पंधरा ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी, पावसाळ्यातले शनिवार-रविवार आणि वर्षाअखेरचे दिवस पहिल्या वेळी टाळाच.

मार्च ते मे चालेल, पण वाटेवर सावली जवळजवळ नाही. नऊच्या आत माथा गाठता येत असेल तरच जा. मे अखेरीस आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भंडारदरा भागात काजवे बघायला गर्दी लोटते. रस्ता, जेवण, मुक्काम सगळं भरलेलं असतं. कळसूबाई आणि काजवे एकाच रात्रीत उरकण्याचा बेत केलात तर जागरणानं पाय जड होतात.

२. बारीला पोहोचायचं कसं

पायथ्याचं गाव बारी. घोटी–राजूर रस्त्यावर, घोटीपासून साधारण बावीस-चोवीस किलोमीटरवर. भंडारदऱ्याचं शेंडी गाव इथून बारा किलोमीटरच्या आसपास आहे.

मुंबईहून लोकलनं येणाऱ्यांनी कसाऱ्याला उतरायचं. स्टेशनबाहेर जीपवाले उभे असतात. गट आठ-दहा जणांचा असेल तर थेट बारीपर्यंत पूर्ण जीप ठरवणं परवडतं. बसण्याआधी परतीचंही बोलून घ्या: किती वाजता, कुठून, किती पैसे. दोघं-तिघं असाल तर इगतपुरी किंवा घोटीपर्यंत या आणि तिथून राजूर-अकोल्याकडे जाणारी एसटी धरा, ती बारीला उतरवते. कंडक्टरला "कळसूबाईला जायचंय, बारीला सांगा" एवढं म्हटलं की पुरतं.

पुण्याहून संगमनेर–अकोले–राजूर हा सरळ रस्ता. आळेफाट्यावरून ओतूर–ब्राह्मणवाडा–कोतूळमार्गेही राजूरला येता येतं, पण तो रस्ता रात्री पहिल्यांदा चालवायला घेऊ नका.

नकाशाच्या ॲपमध्ये "कळसूबाई शिखर" असं टाकलं की ते शिखरावरच्या खुणेला सर्वात जवळचा रस्ता शोधतं आणि कधी कधी भलत्याच बाजूच्या वाडीत नेऊन सोडतं. शिखराच्या दुसऱ्या बाजूला इंदोरे गावातूनही वाट आहे. ती कमी वापराची आहे आणि माहितगार सोबत असल्याशिवाय पहिल्यांदा घेण्यासारखी नाही. नुसतं "बारी" टाकलं तरी फसगत, कारण या नावाची गावं आणखीही आहेत. "बारी, अकोले तालुका" असं शोधा आणि शेवटच्या फाट्यावर तोंडानं विचारून खात्री करा.

३. कागदपत्रं आणि पैसे

फार काही लागत नाही, पण जे लागतं ते बारीत मिळत नाही.

- प्रत्येकाचं एक ओळखपत्र, आधार किंवा वाहन परवाना.
- गट असेल तर नावं, वय, रक्तगट आणि घरचा फोन यांची कागदावरची यादी. एक प्रत म्होरक्याकडे, एक पायथ्याच्या गाडीत किंवा जेवणाच्या घरी.
- सुटे पैसे. नाक्यावर प्रवेशाचं शुल्क द्यावं लागतं, गाडी लावायचे वेगळे. मोबाइलनं पैसे देण्याची सोय असली तरी रेंज गेली की सगळंच अडतं. पावती मागून घ्या आणि जपून ठेवा.
- दमा, मधुमेह, रक्तदाब असेल तर रोजची औषधं. दम्याचा पंप पाठपिशवीच्या तळाशी नको, हाताशी हवा.

ड्रोन उडवायचा असेल तर त्याची परवानगी आधीच काढावी लागते. नाक्यावर हुज्जत घालून ती मिळत नाही.

४. पाठपिशवीत काय

पाणी थंडीत माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार. शेवटच्या शिडीआधीच्या सपाटीवर विहीर आहे, पण उन्हाळ्यात तिच्यावर विसंबू नका. पाणी असलं तरी गाळून, क्लोरीनची गोळी टाकून, अर्धा तास थांबूनच प्या. एक लिटर पाण्यात ओआरएसचं पाकीट घालून ते घोट घोट संपवा. पोटऱ्यांत गोळे येतात ते बहुधा याच कारणानं: नुसतं पाणी ढोसलं, घामावाटे गेलेलं मीठ भरलंच नाही.

खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या. गर्दीच्या दिवसांत वाटेत बारीकरांच्या टपऱ्या लागतात: लिंबू सरबत, ताक, कांदाभजी, चहा, मॅगी. हे सगळं, गॅसच्या टाकीसकट, डोक्याखांद्यावर वाहून वर आणलेलं असतं. पायथ्याच्या भावाशी तुलना करून घासाघीस करणं शोभत नाही. मात्र मधल्या वारी आणि अवेळी टपऱ्या बंदही असतात, म्हणून शिदोरी स्वतःची हवी.

बुटांचा तळ खाचांचा आणि मऊ रबराचा लागतो. सह्याद्रीच्या ओल्या कातळावर महागडे पळायचे बूट सर्रास घसरतात. ट्रेकर मंडळींत ‘ॲक्शन’ कंपनीचे ट्रेकिंगचे बूट पिढ्यान्‌पिढ्या चालतात ते याच पकडीमुळे. नवे असतील तर आधी दोन आठवडे घालून फिरा. पायाची नखं कापून या, नाहीतर उतरताना अंगठ्याचं नख बुटाच्या टोकाला आपटून काळंनिळं होतं.

जीन्स नको. भिजली की दोन किलोचं ओझं होते आणि गुडघा वळत नाही. पावसाळ्यात रेनकोट दोन तुकड्यांचा, जाकीट आणि पँट. घोंगडीसारखा अंगावर टाकायचा पोंचो शिडीवर वाऱ्यानं डोक्यावर उलटतो आणि पायऱ्या दिसेनाशा होतात. थंडीत एक वाराप्रतिबंधक जाकीट आणि कानटोपी घ्या. माथा बारीपेक्षा जवळपास नऊशे मीटर उंच असल्यानं हवा पाच-सहा अंशांनी थंड असते, आणि वारा सुटला की त्याहून पुष्कळ गार वाटतं.

उरलेल्या वस्तू: डोक्याची बॅटरी आणि जादा सेल (दिवसा निघालात तरी), शिट्टी, क्रेप बँडेज, टोपी, कोरडे मोजे, कचऱ्याची पिशवी. चढावर शौचालय नाही. पायथ्याच्या घरी उरकून निघा आणि सॅनिटरी पॅड वगैरे परत आणायला झिपची पिशवी ठेवा.

५. वेळेचं गणित

एका बाजूचं अंतर साडेसहा किलोमीटरच्या आसपास आहे. सराव असलेल्याला चढायला अडीच तास, नवख्याला साडेतीन, मुलं किंवा ज्येष्ठ सोबत असतील तर चार. उतरायला दोन ते तीन तास. वर पाऊण तास धरा. म्हणजे नवख्या गटाला पायथा ते पायथा सात-आठ तास.

थंडीत सकाळी सहाला चालायला लागा. पावसाळ्यात उजाडताच निघा. गर्दीची लाट नऊनंतर शिड्यांवर येते, तोवर तुम्ही शेवटच्या टप्प्यात असायला हवं. परत फिरायची वेळही आधीच ठरवा: साडेबारा. माथा समोर दिसत असला तरी साडेबाराला मागे वळायचं. "अजून वीसच मिनिटं" म्हणणाऱ्यांना शिडीची रांग धरून दीड तास लागतो आणि मग उतरणीचा शेवट अंधारात होतो.

सूर्योदयासाठी रात्री चढण्याची हौस अनेकांना असते. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहाटे तीनला निघावं लागतं. अभयारण्यात रात्रीच्या चालण्याला आणि मुक्कामाला नियम आहेत. आदल्या दिवशी नाक्यावर विचारा आणि नाही म्हणाले तर नाहीच. होकार मिळाला तरी बारीतला वाटाड्या घ्या, मानधन निघण्याआधीच ठरवा. बिबट्याचा हा मुलूख आहे. तो सहसा माणसाला टाळतो, पण एकट्यानं मागे रेंगाळू नका.

६. चढाई, टप्प्याटप्प्यानं

*गाव ते पहिला चढ.* बारीतून निघालं की घरं, ओढा आणि भातखाचरं. पावसाळ्यात बांधांवरून आडवं जाऊ नका. बांध फुटला तर खाचरातलं पाणी जातं आणि शेतकऱ्याची लावणी वाया. ओढा नेहमी घोट्याएवढा असतो. पण वर जोराचा पाऊस झाला तर तासाभरात गढूळ होऊन चढतो. पाणी गुडघ्याच्या वर आणि तांबडं दिसलं तर ओलांडू नका, थांबा. ओसरतंही तितक्याच लवकर.

*सोंडेवरची वाट.* पुढे वाट चढाला लागते. कुठे मातीत, कुठे दगडी पायऱ्या, कुठे रेलिंग. दम सर्वात जास्त इथेच लागतो, कारण सुरुवातीच्या उत्साहात सगळे पळत सुटतात. बोलता येईल इतक्याच वेगानं चाला. बोलताना शब्द तुटायला लागले की वेग जास्त आहे. तासाला पाच मिनिटं थांबा, उभ्या उभ्याच. दर दहा मिनिटांनी बसकण मारली की पाय थंड पडतात आणि पुढचा चढ दुप्पट जड होतो.

*शिड्या.* कातळटप्पे आले की लोखंडी शिड्या लागतात, तीन-चार ठिकाणी. काही पायऱ्या वाकलेल्या, काही ओल्या, काही ठिकाणी कठड्याची पट्टी गंजलेली. चढताना:

- हातातली काठी मिटवून पिशवीत घाला. मोबाइल खिशात, खिसा बंद.
- पाठपिशवीचे पट्टे घट्ट करा. बाहेर लोंबणारी बाटली, चटई, दोरी आत घाला, ती शिडीत अडकते.
- दोन्ही पाय आणि दोन्ही हात, या चारांपैकी तीन नेहमी लोखंडावर. पायाचा मधला भाग पायरीवर टेकवा, नुसती बोटं नकोत.
- पुढच्या माणसात आणि तुमच्यात पाच-सहा पायऱ्यांचं अंतर.
- शिडीच्या मध्यावर थांबून सेल्फी नाही. मागचे सगळे तुमच्या एका फोटोसाठी लोंबकळत राहतात.

गर्दी वाढली की काही जण शिडी सोडून बाजूच्या कातळावरून चढायला लागतात. कोरड्यात ते सोपं दिसतं, ओल्यात शेवाळावरून पाय सुटला की आधाराला काही नाही. रांग कितीही लांब असली तरी शिडीच धरा. आकाशात गडगडायला लागलं असेल तर मात्र शिडीला हात लावू नका. उघड्या सोंडेवरून खाली सरका, एकमेकांपासून अंतर ठेवून उकिडवे बसा आणि वीज थांबून अर्धा तास गेल्याशिवाय पुढे जाऊ नका.

*फसवा माथा.* या शिड्या संपल्या की पुढे उंच टोक दिसतं आणि "आलंच शिखर" असं वाटतं. ते नव्हे. खरं शिखर त्याच्या मागे आहे, आणि त्याआधी विहिरीची सपाटी लागते. पाणी, खाऊ, कपडे बदलणं, जे काही करायचं ते इथे करा, कारण माथ्यावर वाऱ्यात उभं राहणंही कठीण होतं. इथून शेवटची, सर्वात लांब शिडी. ती संपली की देऊळ.

७. माथ्यावर

देऊळ इतकं लहान की आत दोन-तीन माणसंच मावतात. चपला-बूट बाहेर काढा, दर्शन घेऊन लगेच बाहेर या, मागे गावकरी नारळ घेऊन थांबलेले असतात.

आता ज्यासाठी एवढं चढलात ते. पश्चिमेला एका ओळीत अलंग, मग मदन, मग कुलंग हे किल्ले. मदनच्या कातळातलं नेढं, म्हणजे आरपार भोक, शोधून पाहा. दक्षिणेला खाली भंडारदऱ्याचा जलाशय पसरलेला दिसतो. प्रवरेवरचं हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या मागे रतनगड आणि त्याचा उभा सुळका, खुट्टा. आणखी मागे आजोबाचा डोंगर आणि हरिश्चंद्रगडाचा पसारा. पूर्वेला बितनगड, पट्टा, औंढा हे किल्ले. उत्तरेला घोटी-इगतपुरीच्या पलीकडे अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर ही त्र्यंबक रांग, आणि पाऊस संपल्यानंतरच्या धुतलेल्या हवेत सप्तशृंगीच्या बाजूचे डोंगरही उठून दिसतात. उन्हाळ्यात धुरकटपणामुळे यातलं निम्मं गायब असतं. साडेआठच्या आधीचा उजेड सर्वात चांगला. मग जलाशयावर चकाकी येते आणि फोटो पांढरे पडतात.

कड्याच्या साखळीला टेकू नका, ती खूण म्हणून आहे असं समजा. संगीत वाजवायचं नाही, आग पेटवायची नाही. अभयारण्यात आग लावणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि हिवाळ्यानंतर इथलं वाळलेलं गवत एका ठिणगीत सोंडभर पेटतं. डोंगरात धूर, अत्तराचा भपका आणि आरडाओरडा यांनी आग्या मोहोळही चवताळतं. माश्या उठल्याच तर हात झाडू नका, तोंड झाकून लगेच तिथून दूर व्हा.

कागद, रॅपर, बाटल्या तर आणालच, संत्र्याच्या सालीही खाली आणा. वर त्या कुजायला वेळ लागतो आणि वानरांना माणसांच्या पिशव्या हुंगायची सवय लागते.

८. उतरणी: इथे जास्त माणसं पडतात

चढताना सगळे सावध असतात, उतरताना गप्पा सुरू होतात. मुरगळलेले घोटे बहुतेक परतीच्या वाटेवरचे असतात. कोरड्या मोसमात बारीक खड्यांचा घसारा, ओल्यात चिखल.

शिडी उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे. जिना उतरतो तसं तोंड बाहेर करून उतरलं की पिशवी मागच्या पायरीला लागते आणि माणूस पुढे ढकलला जातो. घसाऱ्यावर गुडघे किंचित वाकवून लहान पावलं टाका. धावत उतरू नका, पाय थांबवायचे ठरवले तरी थांबत नाहीत. काठी आता उपयोगाची. चढताना होती त्यापेक्षा चार बोटं लांब करा. गटातला सर्वात थकलेला माणूस दुसऱ्या क्रमांकावर आणि सर्वात अनुभवी शेवटी. वाटांना फाटे फुटतात तिथे पुढच्यानं थांबून मागचा दिसल्यावरच निघायचं. धुक्यात चुकणारे नेहमी या फाट्यांवरच चुकतात.

चुकलातच तर ओढ्याच्या पात्रातून खाली उतरायचा मोह टाळा, पात्र कड्यावर जाऊन संपतं. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. शिट्टीचे तीन लांब आवाज, मिनिटभर थांबा, पुन्हा तीन. रेंज मिळाली तर ११२, रुग्णवाहिकेला १०८, वनखात्याची मदत १९२६ वर. पण खरी पहिली मदत बारीतूनच येते. म्हणून ज्या घरी जेवण सांगितलंय त्यांना सकाळी निघताना "दोनपर्यंत येतो" हे आवर्जून सांगून ठेवा.

९. खाली आल्यावर

पिठलं-भाकरी, ठेचा, भात सकाळीच सांगितलेला असेल तर ताटात गरम मिळतो. ऐनवेळी सांगितलं तर तासभर थांबावं लागतं. बूट काढून पाय ओढ्यात किंवा नळाखाली धरा, पोटऱ्या दोन्ही हातांनी खालून वर चोळा, मगच गाडीत बसा. लगेच तीन तास पाय मुडपून बसलात तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

एसटीनं परतणार असाल तर घोटीकडची संध्याकाळची गाडी किती वाजता आहे हे सकाळी बारीला एसटीतून उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. ती चुकली की रस्त्यावर जीपची वाट बघत बसायची वेळ येते, आणि अंधार पडल्यावर जीपवाला सांगेल तो भाव. पुण्याकडे जाणाऱ्यांना वाटेत राजूर लागतं. तिथले पेढे घरी न्यायचे असतील तर दुकानं उघडी असेपर्यंत पोहोचा.